दोन छोटे पिझ्झे की एक मोठा? बिलातले पैसे नेमके जातात कुठे

जळगावच्या रिंग रोडला किंवा धुळ्याच्या देवपूरमध्ये राहणारं पाच माणसांचं एक घर डोळ्यांसमोर आणा. आई-वडील, दोन पोरं आणि आजी. आज धाकट्याचा वाढदिवस आहे आणि आठ दिवसांपासून त्याचं एकच पालुपद सुरू आहे, पिझ्झाच पाहिजे. वडिलांनी मनाशी हजार रुपये धरलेत.

संध्याकाळी मोबाइलवर ॲप उघडतं. भाज्या आणि पनीर लादलेले दोन मीडियम, एक छोटा, एक गार्लिक ब्रेड. कर आणि डिलिव्हरी धरून आकडा जातो चौदाशेच्या घरात.

मग काटछाट सुरू होते. गार्लिक ब्रेड निघतो. एक मीडियम कमी होतो, त्याच्या जागी छोटा येतो. आजी म्हणते, "मला नको रे बाबा, मी आपली भाकरी खाईन." आई म्हणते, "मी पोरांमधलाच एखादा तुकडा घेईन." बिल हजाराच्या आत येतं.

बचत झाली खरी, पण ती आजीच्या आणि आईच्या ताटातून झाली. चौदाशेतले पैसे नेमके कशाकशाचे होते हे कुणी पाहिलंच नाही. ते पाहिलं तर हजारात पाचही जण पोटभर खाऊ शकतात. कसं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात शाळेतल्या भूमितीपासून करावी लागते.

इंचांचा घोळ

पिझ्झा विकला जातो इंचांवर. छोटा साधारण ७ इंचांचा, मीडियम १० चा, मोठा १२ किंवा त्याहून थोडा जास्त. ऐकताना ७ आणि १० मध्ये फार फरक वाटत नाही. पण हे इंच म्हणजे पिझ्झाचा व्यास, या काठापासून त्या काठापर्यंतचं अंतर. पोटात जातं ते क्षेत्रफळ.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. शेताची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर शेत दुप्पट होत नाही, चौपट होतं. पिझ्झाचंही तेच. ७ इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ येतं साधारण ३८.५ चौरस इंच. १० इंचीचं ७८.५. म्हणजे दोन छोटे पिझ्झे एकत्र केले तरी एका मीडियमपेक्षा किंचित कमीच भरतात. १२ इंची घेतला तर ११३ चौरस इंच, म्हणजे जवळपास तीन छोटे.

आणि यात काठ धरलेलाच नाही. पिझ्झाच्या कडेला जी कोरडी किनार असते तिच्यावर ना चीज असतं ना भाजी. ती सगळीकडून एक इंच धरा. मग ७ इंचीत माल लावलेला भाग उरतो ५ इंचांचा, १० इंचीत ८ इंचांचा. आता हिशेब केला तर दोन छोट्यांवर मिळून चीजची जागा सुमारे ३९ चौरस इंच आणि एका मीडियमवर ५०. छोटा पिझ्झा घेणारा माणूस किनारीचे पैसे जास्त देतो.

तुकड्यांच्या संख्येवरही जाऊ नका. छोट्याचे ४ तुकडे, मीडियमचे ६, मोठ्याचे ८ करतात. पोरं "मला दोन, त्याला दोन" असं मोजतात. पण मोठ्याचा एक तुकडा छोट्याच्या जवळपास दीड तुकड्याएवढा असतो.

दुकानात उभं राहून पायचं सूत्र कोण मांडणार? त्याची गरजही नाही. इंचांचा वर्ग करायचा आणि किमतीला त्याने भागायचं. ७ चा वर्ग ४९, १० चा १००, १२ चा १४४. हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर दहा सेकंदांत सांगतो कुठला पिझ्झा स्वस्त.

मग नेहमी मोठाच घ्यायचा का?

अमेरिकेत याचं उत्तर जवळपास "हो" असं आहे. २०१४ मध्ये तिथल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या 'प्लॅनेट मनी' या अर्थविषयक कार्यक्रमाने देशभरातल्या ३,६७८ पिझ्झा दुकानांमधल्या ७४,४७६ किमती तपासल्या होत्या. निष्कर्ष साधा होता, मोठा पिझ्झा घेतला की प्रत्येक इंचामागे पैसे कमी पडतात. तेव्हापासून ही गोष्ट सोशल मीडियावर दर दोन-चार महिन्यांनी फिरत असते.

आपल्याकडे मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. भारतात पिझ्झाच्या मोठ्या साखळ्या आल्या १९९६ च्या सुमारास. पोळी-भाकरी खाणाऱ्या देशात गिऱ्हाईक ओढायचं तर पहिली पायरी स्वस्त ठेवणं भाग होतं. त्यामुळे साधा, कमी टॉपिंगचा छोटा पिझ्झा मुद्दाम कमी किमतीत ठेवायची पद्धत इथे रुजली. त्यावर दुकानाला फार सुटत नाही, पण पोरगं दुकानात येतं.

उदाहरणादाखल एक मेनू कार्ड मनाशी धरा. साधा चीज पिझ्झा छोटा १२९ रुपये, मीडियम २६९, मोठा ४९९. वर्गाने भागा. छोटा २.६३, मीडियम २.६९, मोठा ३.४७. इथे मोठा सगळ्यात महाग पडला! आता त्याच कार्डावरचा भाज्या-पनीर लादलेला पिझ्झा घ्या. छोटा २५९, मीडियम ४५९, मोठा ६९९. भागाकार येतो ५.२९, ४.५९ आणि ४.८५. इथे छोटा सगळ्यात महाग आणि मीडियम सगळ्यात परवडणारा.

एकाच दुकानात, एकाच कार्डावर दोन वेगळी उत्तरं. म्हणून "नेहमी मोठा घ्या" किंवा "दोन छोटे घेतले की पोरं भांडत नाहीत" अशा नियमांपेक्षा भागाकार बरा. किनारीचा मुद्दा धरला तर साध्या पिझ्झात छोटा आणि मीडियम जवळपास एकाच दराचे असताना मीडियमच घ्यावा, चीज जास्त मिळतं.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. साधा मीडियम २६९ ला आणि लादलेला ४५९ ला. मधले १९० रुपये कशाचे? थोडा कांदा, थोडी सिमला मिरची, चार मक्याचे दाणे आणि पनीरचे काही तुकडे. जळगावच्या बाजारात तेवढ्या भाजीला किती पडतात हे घरातल्या बाईला विचारा, ती हसेल. पिझ्झातली सगळ्यात मोठी वाचवता येणारी रक्कम ही आहे. साधा चीज पिझ्झा आणायचा, घरी कांदा, सिमला मिरची, पनीर तव्यावर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायचं आणि वर पसरायचं. कच्ची भाजी मात्र टाकू नये, ती पाणी सोडते आणि पिझ्झा गचका होतो. घरात कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर एक पिझ्झा तसाच बाजूला ठेवता येतो. खान्देशातल्या जैन घरांना ही सोय वेगळी सांगायला नको. फक्त साध्या पिझ्झाच्या सॉसमध्येही लसूण असू शकतो, तेवढं दुकानात विचारून घ्यावं.

कूपनचा गळ

"२० टक्के सूट" असं मोठ्या अक्षरात असतं. त्याखाली बारीक अक्षरात दोन अटी असतात, किमान ऑर्डर किती आणि कमाल सूट किती. समजा तुम्हाला ४५० रुपयांचंच खायचं आहे. कूपन लागू व्हायला किमान ५९९ ची ऑर्डर पाहिजे आणि सूट जास्तीत जास्त १०० ची. मग माणूस १४९ चं काहीतरी अजून टाकतो, बहुतेकदा गार्लिक ब्रेड, आणि भरतो ४९९. कूपन नसतं तर ४५० गेले असते. ४९ रुपये जास्त देऊन "शंभर वाचवले" असं वाटतं, हीच कूपनची कमाल आहे.

तो गार्लिक ब्रेड खरंच हवा असेल तर सौदा वाईट नाही. नको असेल तर ती सूट नव्हे, विक्री आहे.

एकावर एक फुकटच्या योजनेतही असंच पाहायचं. दोन पिझ्झांची मिळून किंमत आणि दोघांच्या वर्गांची बेरीज, बस. फुकट कुठला आणि विकत कुठला याला अर्थ नसतो.

थंड पेयाचं तर विचारूच नका. कॉम्बोतल्या छोट्या बाटल्यांपेक्षा गल्लीतल्या किराणा दुकानातली मोठी बाटली पाच जणांना स्वस्तात पुरते.

ॲप की काउंटर?

जळगाव आणि धुळे दोन्हीकडे आता ॲपवरून खाणं येतं. सोय मोठी आहे, पण तिची किंमत बिलात चार-पाच ठिकाणी विभागून लिहिलेली असते. त्यामुळे ती एका नजरेत दिसत नाही.

पहिली गोष्ट, ॲपवरचे दर आणि दुकानातले दर पुष्कळदा वेगळे असतात. ॲप दुकानदाराकडून प्रत्येक ऑर्डरवर कमिशन घेतं आणि दुकानदार ते भरून काढायला ॲपवरची किंमत थोडी वाढवतो. दुसरी, पॅकिंगचे पैसे. तिसरी, डिलिव्हरीचे. चौथी, प्लॅटफॉर्म फी. ही फी २०२३ मध्ये अवघ्या २ रुपयांपासून सुरू झाली तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. दोन-अडीच वर्षांत ती दोन अंकी झाली.

पाचवी गोष्ट म्हणजे जीएसटी, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण छोट्या शहरांत सगळ्यात जास्त गोंधळ याचाच आहे.

रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. नोव्हेंबर २०१७ पासून हाच दर आहे. पण प्रत्येक दुकानाला तो गिऱ्हाइकाकडून घेण्याचा अधिकार नाही. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, तो जीएसटी लावूच शकत नाही. ज्या दुकानाने कंपोझिशन योजना घेतली आहे (रेस्टॉरंटसाठी ही दीड कोटी उलाढालीपर्यंत मिळते) त्याला ५ टक्के कर भरावा लागतो, पण स्वतःच्या खिशातून. गिऱ्हाइकाच्या बिलात तो वेगळा दाखवता येत नाही आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत हे बिलावर लिहावं लागतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याच्या साध्या चिठ्ठीवर "जीएसटी ५ टक्के" असं लिहिलं असेल तर नोंदणी क्रमांक बघा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकान कंपोझिशनमध्ये आहे की नाही तेही दिसतं. क्रमांकच नसेल तर तो ५ टक्के देण्याचं कारण नाही. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गंमत अशी की त्याच नोंदणी नसलेल्या दुकानाचा पिझ्झा ॲपवरून मागवला तर ५ टक्के लागतोच. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या खाण्याचा जीएसटी भरायची जबाबदारी ॲपवर आहे, दुकान कितीही लहान असो. त्याशिवाय डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फीवर १८ टक्के वेगळा.

आता हे सगळं एका उदाहरणात मांडा. अशा छोट्या दुकानात जो पिझ्झा काउंटरवर ४०० ला मिळतो तो ॲपवर समजा ४४० ला आहे. पॅकिंग २०. झाले ४६०, त्यावर ५ टक्के म्हणजे २३. डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी १२, या ४७ वर १८ टक्के म्हणजे साडेआठ. एकूण साधारण ५३८ रुपये. काउंटरवर ४०० देऊन तोच पिझ्झा हातात. १३८ रुपये दुचाकीवरच्या एका चकरेचे! गाव लहान, अंतर कमी, पेट्रोल फार तर दहा-पंधरा रुपयांचं. मुंबई-पुण्यात ही चकर तासाभराची होते म्हणून तिथे ॲप परवडतं. जळगावात नवीपेठेतून घरी यायला तेवढा वेळ लागत नाही.

पावसाळ्यातली रात्र, घरात लहान बाळ, सोबतीला कुणी नाही, अशा वेळी ॲपचे पैसे खुशाल द्यावेत. ते सोयीचे आहेत हे माहीत असलं म्हणजे झालं.

४९ रुपयांचा चीज पिझ्झा कसा परवडतो?

शाळा-कॉलेजांच्या बाहेर, चौपाट्यांवर असे बोर्ड दिसतात. पैसे वाचवायचे तर हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. इथे दुधाचा हिशेब मांडून बघावा.

एक किलो मोझरेला चीज करायला साधारण ८ ते १० लिटर दूध लागतं, म्हशीचं असेल तर थोडं कमी. डेअरीने शेतकऱ्याला लिटरमागे ३५ रुपये दिले असं धरलं, तरी किलोमागे नुसत्या दुधाचे तीनशे-साडेतीनशे झाले. त्यावर प्रक्रिया, थंड साखळी, वाहतूक, दुकानदाराचा नफा. आता ४९ रुपयांत बेस, सॉस, गॅस, भाडं, पोराचा पगार आणि वर "लोडेड चीज" बसवून दाखवा. बसत नाही. मग एक तर चीज नावापुरतं असतं, नाहीतर ते चीजच नसतं.

त्याला चीज ॲनालॉग म्हणतात. दुधातल्या स्निग्धांशाऐवजी पाम किंवा दुसरं वनस्पती तेल, थोडं दुधाचं प्रथिन, स्टार्च, क्षार असं मिळून ते बनतं. दिसायला पांढरं, गरम केलं की वितळतंही. ते विष नाही आणि विकायला बंदीही नाही. अट एवढीच की त्याला चीज म्हणून विकायचं नाही. वेष्टनावर "ॲनालॉग" असं लिहिलेलं असतं किंवा घटकांच्या यादीत वनस्पती तेल दिसतं. किरकोळ बाजारातून "मोझरेला टॉपिंग" नावाचं स्वस्त पाकीट उचलताना ती यादी वाचावी. दुकानात वाढलेल्या पिझ्झावर मात्र वेष्टन नसतं आणि "तार ओढून बघा", "काडी लावून बघा" छापाच्या व्हिडिओंवर विसंबून घरी पक्का निकाल लावता येत नाही.

खान्देशाला हा प्रश्न नवा नाही. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. साजूक तूप की वनस्पती, हे जिभेवर ओळखणाऱ्या आज्या इथल्या घराघरांत होत्या. वनस्पती खाल्लं म्हणून कुणी नावं ठेवत नव्हतं, पण साजुकाचे पैसे देऊन वनस्पती कुणी घेत नव्हतं. चीजचंही तेवढंच बघायचं आहे. ४९ ला ॲनालॉग खाल्लं तर निदान पैसे त्याचेच दिले. २९९ देऊन ॲनालॉग खाल्लं तर मात्र ठकलो.

स्वस्त पिझ्झा खऱ्या चीजसह देता येतो का? एकदा तो दिलाही गेलाय. २००१ मध्ये अमूलने २० रुपयांत पिझ्झा बाजारात आणला होता. तेव्हाही हा आकडा लोकांना खोटाच वाटला. पण त्यांचं गणित वेगळं होतं. चीज त्यांचं स्वतःचं, दुकानं आधीपासून असलेल्या विक्रेत्यांची, आणि मुख्य हेतू पिझ्झातून कमावण्यापेक्षा लोकांना मोझरेलाची चव लावण्याचा. त्यातून एक गोष्ट उघड झाली. पिझ्झात खाण्याच्या मालाची किंमत फार नसते, बाकीचे पैसे जागेचे, माणसांचे, जाहिरातीचे आणि पोहोचवण्याचे असतात.

हेच पैसे वाचवायचे तर पिझ्झा घरी करावा लागतो.

घरचा पिझ्झा, खान्देशी हवेत

ओव्हन नाही म्हणून अनेक घरं मागे हटतात. ज्या भागात खापरावर मांडे होतात तिथे ही अडचण मोठी नसावी. पिझ्झाला पाहिजे असते ती धरून ठेवलेली उष्णता. जाड बिडाचा तवा आणि घट्ट झाकण एवढ्यावर काम होतं. बट्टी भाजायला गॅस तंदूर असेल तर आणखी चांगलं.

अर्धा किलो मैदा, साधारण ३०० मिली पाणी, दोन लहान चमचे मीठ, एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट आणि दोन मोठे चमचे तेल. निम्मी कणीक घातली तरी चालते, पाणी थोडं जास्त लागतं. पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळायचं आणि दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवायचं.

इंटरनेटवरची पाककृती सांगते "एक तास ठेवा" आणि तिथेच इथल्या माणसाचा पिझ्झा बिघडतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला असतो. तेव्हा पीठ अर्ध्या-पाऊण तासातच फुगून आंबट वासाकडे जातं. उन्हाळ्यात यीस्ट निम्मं घ्या, गार पाणी वापरा किंवा पीठ रात्रीच फ्रिजमध्ये टाकून द्या. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. धुळ्यात पहाटेचा पारा एक अंकी आकड्यात उतरतो आणि पीठ तीन तासांनीही ढिम्म असतं. तेव्हा कोमट पाण्यात मळून डबा दुपारच्या उन्हात गोधडीत गुंडाळून ठेवावा.

एवढ्या पिठाचे ८ इंचांचे चार पिझ्झे होतात. लाटलेला बेस तव्यावर एका बाजूने भाजायचा, उलटायचा, भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, भाजी लावायची आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. सॉस म्हणजे टोमॅटो, लसूण, मीठ, तेल आटवून केलेली दाट चटणीच. चिली फ्लेक्सची पाकिटं कशाला? दोंडाईचा आणि नंदुरबारची मिरची हाताशी असताना चार लाल मिरच्या तव्यावर गरम करून खलबत्त्यात भरड केल्या की झालं. हिवाळ्यात उरलेलं भरीत पातळ पसरून वर चीज घातलं तर तेही फार छान लागतं, इटलीतही पिझ्झावर वांगं असतंच. केळीबद्दल मात्र जळगावकरांनी स्वतः ठरवावं. स्वीडनमध्ये केळी आणि करी पावडर घातलेला पिझ्झा लोक आवडीने खातात.

खर्च साधारण असा येतो. मैदा २५, यीस्ट १०, भाज्या-टोमॅटो-लसूण ८०, ३०० ग्रॅम खरं मोझरेला १८० च्या आसपास, तेल-गॅस २५. सगळे मिळून ३२० रुपये. ८ चा वर्ग ६४, चार पिझ्झांचे २५६. भागाकार सव्वा रुपया. मघाच्या लादलेल्या मीडियमचा होता ४.५९. म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्यात. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जे नवे जीएसटी दर आले त्यात चीज आणि सॉस १२ वरून ५ टक्क्यांवर आले, तर पाकीटबंद पनीर आणि तयार पिझ्झा बेस करमुक्त झाले. रेस्टॉरंटचा दर तोच राहिला. त्यामुळे घरच्या पिझ्झाचं पारडं थोडं आणखी जड झालंय. मळायचा कंटाळा असेल तर तयार बेस आणावा, फक्त पावसाळ्यात तारीख आणि बुरशी नीट बघून.

या सव्वा रुपयाच्या हिशेबात एक खोट आहे. त्यात आईचे अडीच-तीन तास शून्य रुपयांना धरलेत. पोराच्या वाढदिवशी सगळे बाहेर बसलेत आणि ती तव्यापाशी उभी राहून एकेक पिझ्झा काढतेय, शेवटचा तिच्या वाट्याला थंड, असं होणार असेल तर मघाच्या काटछाटीपेक्षा ते काही वेगळं नाही. सॉस वडिलांनी आदल्या रात्री करायचा, भाजी पोरांनी चिरायची, तवा आळीपाळीने, असं जमणार असेल तरच हा स्वस्त पिझ्झा खरा स्वस्त.

नाही जमणार? मग त्या घराचा हिशेब पुन्हा मांडू, त्याच मेनू कार्डावरून. काउंटरवर जाऊन तीन साधे मीडियम चीज पिझ्झे, ८०७ रुपये. ५ टक्के कर धरून ८४७. घरी परतलेली भाजी ४० रुपयांची. किराणा दुकानातली थंड पेयाची मोठी बाटली ९० धरा. झाले ९७७. तुकडे अठरा, खाणारी माणसं पाच. आजी दोन तुकडे खाऊनही पोरांना चार-चार उरतात आणि आईला वेगळा तुकडा मागावा लागत नाही.

हेच घर एरंडोल किंवा पारोळ्याला असेल तर पिझ्झा शहरातून बांधून न्यावा लागतो आणि पोहोचेपर्यंत तो चिवट होतो. खोका दुकानात मिळाल्यावर दोन मिनिटं झाकण किंचित उघडं ठेवावं, वाफ निघून जाते आणि बेस ओला होत नाही. गाडीवर तो आडवा धरावा, पिशवीत उभा घातला की सगळं चीज एका बाजूला गोळा होतं. घरी तवा मंद आचेवर तापवून त्यावर पिझ्झा ठेवायचा, कडेला चमचाभर पाण्याचा शिडकावा मारायचा आणि लगेच झाकण घालायचं. तीन मिनिटांत खालचा भाग कुरकुरीत होतो, वाफेने वरचं चीज पुन्हा मऊ पडतं. तेव्हा गॅस बंद करून त्यावर घरची परतलेली भाजी पसरायची.